पुसलेला गंज

१

त्या सकाळी निशिगंधा ओरडली ती माणूस नाहीसा झाला म्हणून नव्हे, पान्यावरचा गंज नाहीसा झाला म्हणून.

"कुणी केलं हे? माझ्या टूल-वॉलला हात कुणी लावला?"

गिरजाबाई तेव्हा चौकातल्या दगडी बाकावर चहा घेत बसल्या होत्या. कप मातीचा, बिनकानाचा आणि असा जाड की चहाच्या आधी भांडंच ओठाला लागावं. आजकाल महागड्या ठिकाणी साध्या गोष्टी अवघड करून देतात, हे त्यांच्या कालपासून ध्यानात आलं होतं. कप खाली ठेवून त्या उठल्या.

चिंचवडगावात घाटाकडे उतरणाऱ्या जुन्या गल्लीत हे हॉटेल नुकतंच उभं राहिलं होतं. नाव 'भोंगा'. एकेकाळी इथे राजमाने टूल्स हा कारखाना होता आणि त्याच्या भोंग्यावर अख्खं गाव चाले. पहिला भोंगा झाला की बायका दूध चुलीवर ठेवत, दुसरा झाला की गल्लीतून सायकलींचा लोंढा सुटे, डबे हँडलला खडखडत. गिरजाबाई त्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होत्या. कुणाचं बोट कापलं, कुणाची बायको अडली, कुणी पगाराच्या दिवशी घरीच पोचला नाही, सगळं त्यांच्यापाशी यायचं. कामगार त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली. आता मालकांच्या नातीने, परदेशात शिकून आलेल्या या निशिगंधानं, तिथे खोल्या काढल्या होत्या. खोल्यांना नावं जुन्या खात्यांची. गिरजाबाईंना दिलेली खोली म्हणजे त्यांचंच जुनं प्रथमोपचाराचं दालन. जिथे त्या रक्ताळलेले हात टिंक्चरने पुसत, तिथे आता उशांवर उशा रचल्या होत्या आणि न्हाणीघरात मोगऱ्याच्या तेलाची नक्षीदार बाटली होती. आदल्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. भिंती ओळखीच्या आणि वास परका.

आज संध्याकाळी उद्घाटन होतं, आणि त्यासाठीच निशिगंधाने त्यांना कालपासून राहायला बोलावलं होतं.

दिवाणखान्यात एक अख्खी भिंत काळी रंगवून तिच्यावर कारखान्याची जुनी हत्यारं टांगली होती. प्रत्येक हत्याराभोवती पांढऱ्या रेघेनं त्याचाच आकार काढलेला. पाने, हातोडे, चिमटे, सगळे गंजलेले. मधोमध कमरेइतका उंच टी-पाना. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड.

तो एकटाच स्वच्छ होता. पुसलेला, काळाभोर, तेलाने चकाकणारा.

"किती कष्टाने मी तो गंज जपला होता, आजी," निशिगंधा जवळजवळ रडकुंडीला आली होती. "गंज हाच तर या जागेचा दागिना आहे. आणि कुणीतरी चक्क घासूनपुसून ठेवलाय! हे काय गावचं गॅरेज आहे?"

तेवढ्यात मॅनेजर नवनाथ घाईघाईने आत आला. लातूरकडचा, पस्तिशीचा, शर्ट सदा इस्त्रीचा. पण आज कॉलर घामाने भिजलेली.

"मॅडम, पाना ऱ्हाऊ द्या. आपला समाधान गायब झालाय."

२

समाधान म्हणजे हॉटेलातली नळ, दिवे, पंप सांभाळणारा मुलगा. ऐन पंचविशीचा, थेरगावचा, हसरा. त्याचं नाव ऐकताच गिरजाबाई पुढे झाल्या, कारण काल संध्याकाळी जे झालं ते त्यांच्यामुळे सुरू झालं होतं.

काल खोलीची किल्ली हातात पडली, तेव्हा तिला पितळेचा एक गोल बिल्ला लावलेला होता. जुन्या कामगारांचे बिल्ले हे किल्ल्यांना लावायची निशिगंधाचीच कल्पना. बिल्ल्याला केशरी रेशमाचा गोंडा, आणि बिल्ल्यावर ठोकलेला आकडा. एकशे सत्तेचाळीस.

गिरजाबाईंचा हात तिथेच थांबला. सगळ्या कामगारांचे नंबर काही त्यांना पाठ नव्हते. पण हा एक नंबर त्या विसरणं शक्य नव्हतं.

"हा एकशे सत्तेचाळीस नंबर कुठे मिळाला तुला?" त्यांनी विचारलं होतं.

"हिंदुराव काकांनी दिला ना! डबाभर बिल्ले होते त्यांच्याकडे, कारखाना बंद झाला तेव्हा आठवण म्हणून नेलेले. किती गोड, नाही?"

हिंदुराव समोरच बसले होते. जुने फोरमन, इथल्याच गावकीतले, पांढरा सदरा, जाकीट, वय झालं तरी ताठ. कारखान्याचे सर्वांत जुने माणूस म्हणून आज त्यांचा सत्कार व्हायचा होता, आणि त्यांचा मुलगा महापालिकेला उभा राहणार होता. बिल्ल्याचा नंबर ऐकून त्यांनी चहाची बशी खाली ठेवली होती. आणि शिडीवर दिवे लावत असलेला समाधानही खाली उतरला होता.

"बाई," तो म्हणाला होता, "हा माझ्या आजोबांचा नंबर आहे."

एकोणनव्वद सालची दिवाळी. कारखान्याला सुट्टी. आणि सुट्टी संपल्यावर चौकाखालच्या टाकीत, जिथे तापलेलं लोखंड विझवायचं पाणी साठवत, तिथे अण्णासाहेब नावाचा कामगार मेलेला सापडला. हिंदुरावांनी जबाब दिला की त्याला कुणी कामावर बोलावलंच नव्हतं. पितळेचं भंगार चोरायला घुसला असेल आणि बुडाला असेल. अण्णासाहेबांची बायको छबूबाई हंबरडा फोडून सांगत होती की सुट्टीच्या दिवशी फोरमननेच निरोप धाडला, टाकीची जाळी साफ कर म्हणून.

तेव्हा सगळं प्रकरण एका बिल्ल्यावर येऊन अडलं होतं. कारखान्याचा नियम असा की हत्यारखान्यातून काही घेतलं की त्या रिकाम्या खिळ्याला आपला बिल्ला लावायचा. हत्यार परत आलं की बिल्ला काढून घ्यायचा. म्हणजे कुठलं हत्यार कुणाकडे आहे ते भिंतच सांगे. टाकीच्या झाकणाचा तर फारच कडक नियम होता: टी-पान्याच्या खिळ्यावर बिल्ला आहे तोवर टाकीत माणूस आहे, झाकणाला हात लावायचा नाही. अण्णासाहेब कामावर आले असते तर त्यांचा बिल्ला त्या खिळ्यावर असता. तो नव्हता. अंगावर नव्हता, घरी नव्हता. गिरजाबाईंनी चौकशीत पुन्हापुन्हा विचारलं, मग बिल्ला गेला कुठे? उत्तर कुणी दिलं नाही. अण्णासाहेब चोर ठरले, आणि छबूबाई चोराची बायको होऊन दोन लेकरं घेऊन थेरगावला गेली.

काल रात्री जेवणाआधी समाधान न्हाणीघरातला गिझर बघायला आला, तेव्हा गिरजाबाईंनी तो बिल्ला किल्लीवरून सोडवून त्याच्या हातात ठेवला होता. "मालकिणीला मी सांगते. हा तुझ्या आजीला नेऊन दे."

आणि आता तो मुलगा नव्हता.

"काल बिल्ला चोरला आन् आज पळाला," नवनाथ म्हणाला. "फोन लागंना. हॉटेलाचे गमबूटसुद्धा घेऊन गेलाय बघा."

"बिल्ला मी दिला," गिरजाबाई म्हणाल्या.

इतक्यात दारातून आवाज आला. "जयभीम, बाई. वळखलं का?"

छबूबाई उभी होती. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली, पण नजर तीच.

"समाधान म्हणाला, सकाळी ये, एक वस्तू द्यायचीय. मी आले. कुठाय तो?"

छबूबाईने एकेकाचं तोंड न्याहाळलं आणि तिचा रंग उतरला.

"बाई," ती हलकेच म्हणाली, "याच आवारात एक गेलाय माझा. दुसरा न्हाई जाऊ द्यायची मी."

३

पोलिसांना फोन करायला नवनाथ तयार नव्हता. "चोवीस तास झाल्याबिगर ते तरी काय करणारेत? आन् आज पाहुणे येणार." निशिगंधानेही फोन उचलला नाही. उद्घाटनाच्या दिवशी आजोबांच्या कारखान्यातलं मढं पुन्हा उकरलं जावं, असं तिला वाटत नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

गिरजाबाईंनी छबूबाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि पदर खोचला. माणसांना एकेकटं गाठून बोलतं करणं, हाच तर त्यांचा जन्मभराचा उद्योग होता.

पहिला नवनाथ.

"काल तुझं त्याच्याशी भांडण झालं?"

"भांडण कसलं बाई, कामावरून बोललो. चौकातलं तळं भरायचंय ना संध्याकाळी, दिवे सोडणार हायत त्यात. त्याला पाणी ह्या चौकाखालच्या जुन्या टाकीतनंच येतं, आन् तिथली जाळी तुंबली होती. म्हटलं, टँकर यायच्या आत साफ कर, न्हाईतर घरी बस."

"मग केली का त्यानं?"

"केली की. सकाळी मी बघितलं, झाकण बंद, पाना भिंतीवर. काम उरकून गेलाय. त्याच्यावर फुलांचं घंगाळबी मांडून झालं."

"गमबूट घालून गेला?"

"तेच म्हणतो ना मी, चोर!"

गिरजाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "नवनाथ, पळून जाणारा माणूस गुडघ्याएवढे रबरी बूट घालून पळतो का रे?"

 नवनाथने कॉलर सैल केली.

फाटकाशी भिमाजी होता. हा पूर्वीचा हत्यारखान्याचा माणूस. आता पांढरा फेटा बांधून पाहुण्यांना सलाम करायचं आणि जुन्या गोष्टी सांगायचं काम त्याच्याकडे. फाटकाच्या बिजागरीला तो तेलाच्या चोचीदार डब्यातून तेल सोडत होता.

"भिमाजी, पाना तू पुसलास?"

"न्हाई बा! ताईसायबांनी सांगितल्यालं, गंजाला बोट लावशील तर याद राख. लई जिवावर येतं बाई. पर नोकरी हाय."

"समाधानला जाताना पाहिलंस?"

"म्या पहाटं च्या प्यायला कोपऱ्यावर गेल्तो. पर एक हाय." त्यानं आवाज खाली आणला. "त्याची चप्पल हितंच हाय, आमच्या फळीवर. गाडीबी हितंच. आन् काल राती त्याचं आन् फोरमनसायबांचं जुंपल्यालं, तिकडं पडवीत. पोरगं म्हणत हुतं, 'उद्या सत्काराच्या टायमाला सगळ्यांम्होरं इचारतो, माझ्या आज्याचा बिल्ला तुमच्या डब्यात कसा आला.' सायब एक अक्षर बोललं न्हाईत. नुसतं बघत ऱ्हायलं."

"तू मधे नाही पडलास?"

"म्या?" भिमाजीने फेटा सावरला. "त्या दिवाळीला म्या गावाकडं हुतो बाई. हितं असतो तर... जाऊ द्या."

हिंदुराव आपल्या खोलीच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. ही पूर्वीची लेथखात्याची बाजू. गिरजाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या.

"या गिरजाबाई. ऐकलं, पोरगं पळालं म्हनं."

"तुम्ही सकाळी फिरायला जाता ना? दिसला का कुठे?"

"दिसला की. उजाडायच्या वक्ताला. घाटाकडं चालला हुता, पिशवी खांद्याला. म्या हाक मारली तर वळून बघितलं न्हाई."

"चालला होता म्हणजे, पायात काय होतं त्याच्या?"

हिंदुरावांनी पेपर खाली केला. "पायात? चप्पल. दुसरं काय आसनार?"

"हो ना," गिरजाबाई म्हणाल्या. "दुसरं काय असणार."

चप्पल भिमाजीच्या फळीवर होती. पण खोटं बोलणं वेगळं आणि माणूस नाहीसा करणं वेगळं. काल रात्री ज्यानं अपमान केला त्याच्यावर चोरीचा आळ आला तर म्हातारा सुखावून थापही मारेल. त्यांच्या मनात काहीतरी निसटत होतं. निरोप घेताना त्या जराशा वाकल्या. हिंदुरावांच्या अंगाला वाळ्याचा गार वास येत होता.

मागे चौकात अचानक भोंगा वाजला.  निशिगंधाची माणसं संध्याकाळसाठी रेकॉर्ड पुन्हापुन्हा वाजवून बघत होती. तो लांबलचक, रडवा सूर भिंतीभिंतीवरून फिरत राहिला, आणि तो चालू असेतो त्या चौकात दुसरा कुठलाही आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं.

४

गिरजाबाई परत काळ्या भिंतीपाशी आल्या. निशिगंधा तिथे हातात ओलं फडकं घेऊन उभी होती.

"तेल निघतच नाही, आजी. गंज परत कसा आणायचा?"

"पुसू नकोस!" गिरजाबाई एवढ्या जोरात बोलल्या की पोरगी मागे सरली.

त्यांनी पान्याच्या मुठीवरून बोट फिरवलं. तेल नुसतं ओतलेलं नव्हतं. आधी गंज-माती घासून काढून, मग हाताने चोळून, अगदी खालच्या चौकोनी तोंडाच्या आतपर्यंत नेलेलं होतं. हत्यार परत ठेवायचं तर पुसून, तेल लावून. नवा पोरगा कामावर आला की त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवत. मग ते हातातच बसे. नळ बंद करावा तसं. मनात काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध उरत नसे.

बोट त्यांनी नाकाशी नेलं. यंत्राच्या तेलाचा वास नव्हता.

"निशिगंधा, खोल्यांमधलं ते अंगाला लावायचं तेल. सगळ्या खोल्यांत एकच असतं?"

"छे! प्रत्येक खोलीची वेगळी ओळख आहे. तुमचा मोगरा, माझ्या खोलीत केवडा, हिंदुराव काकांकडे वाळा. बाकीच्या बाटल्या अजून फोडल्याच नाहीत, पाहुणे दुपारनंतर येणारेत."

"वास घे."

निशिगंधाने पान्याजवळ नाक नेलं. तिच्या कपाळावर आठी पडली. "वाळा," ती पुटपुटली.

पाना खिळ्यावरून उचलून काढायला गिरजाबाईंनी तिची मदत मागितली. जड होता. पाना बाजूला झाला आणि मागे खिळ्याच्या मुळाशी काहीतरी अडकलेलं दिसलं. केशरी रेशमाचे चारपाच धागे. गोंड्याचे.

त्या क्षणी गिरजाबाईंना सगळी सकाळ समोर उभी राहिलेली दिसली. उजाडताना मुलाने भिंतीवरून पाना घेतला. काळ्या भिंतीवर रिकामी पांढरी रेघ उरली. लहानपणापासून आजीकडून ऐकलं होतं की तुझा आजा बिल्ला लावल्याबिगर हत्याराला शिवायचा नाही. म्हणून खिशातून तो एकशे सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला काढून त्यानं खिळ्याला लावला. पस्तीस वर्षांनी तो बिल्ला आपल्या जागी आला.

मग पाना परत आला. बिल्ला ओरबाडून काढला गेला, इतक्या घाईत की गोंडा खिळ्यात तुटला. समाधानने स्वतः परत आणला असता तर पान्याला वाळ्याचं तेल लागलं नसतं, आणि त्याची चप्पल फळीवर राहिली नसती.

पाना परत आला म्हणजे झाकण लागलं. गमबूट परत आले नाहीत म्हणजे...

"निशिगंधा," त्या म्हणाल्या, "तो टँकर किती वाजता येणार होता?"

"आला की. केव्हाचाच. फाटकाबाहेरच्या पाइपने टाकीत सोडतायत पाणी."

५

या वयात माणूस पळत नाही. पण गिरजाबाई त्या दिवशी पळाल्या. पायातली चप्पल कुठे राहिली ते त्यांना नंतरही आठवलं नाही.

"नवनाथ! टँकर बंद कर! भिमाजी, पाना घेऊन ये! अरे, तो भोंगा बंद करा कुणीतरी!"

चौकाच्या मध्यभागी टाकीच्या झाकणावर पितळी घंगाळ मांडलं होतं, काठोकाठ पाणी आणि वर झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी. छबूबाई बाकावरून उठली. काय झालं ते तिला कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तिने दोन्ही हातांनी घंगाळ लोटून दिलं. फुलं आणि पाणी सगळ्या चौकभर झालं.

भोंगा थांबला. आणि त्या शांततेत पायाखालून, इतका वेळ घंगाळाच्या वजनाखाली दबलेला, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. टण्. मग थोडं थांबून, टण्.

"हाय रे बाबा, हाय!" छबूबाई झाकणावर पालथी पडून ओरडली. "समाधान! मी हाय रे!"

भिमाजीने पाना झाकणाच्या चौकोनात बसवला. फिरेना. त्याचे म्हातारे दंड थरथरायला लागले. नवनाथने धावत येऊन इस्त्रीच्या शर्टानिशी मुठीवर अंग टाकलं, निशिगंधानेही हात लावला. आतला अडसर करकरत सरकला. तिघांनी मिळून झाकण वर केलं, तेव्हा आतून थंड, कुजकट वाफ अंगावर आली.

पाणी छातीच्या वर आलं होतं. भिंतीतल्या लोखंडी पायरीला एका हाताने लटकून समाधान दुसऱ्या हातातली पकड वर झाकणावर मारत होता. ओठ निळे. डोळे उजेडाने मिटलेले. गमबुटांत पाणी भरून ते त्याला खाली ओढत होते.

"बूट काढ," गिरजाबाई वरून म्हणाल्या, जशा पूर्वी जखमी माणसाशी बोलत तशा, सावकाश. "आधी एक. हां. आता दुसरा. नवनाथचा हात धर."

नवनाथने त्याला वर ओढून काढलं आणि मग स्वतःच फरशीवर बसून ढसाढसा रडायला लागला. "चोर म्हनलो रे मी तुला," एवढंच तो म्हणत होता. छबूबाईने नातवाला लुगड्यात घेतलं आणि त्याचे हातपाय चोळू लागली. ती रडत नव्हती. तिचं लक्ष पडवीकडे होतं.

तिथे हिंदुराव उभे होते.

६

"जित्ता हाय नव्हं?" ते पुढे येत म्हणाले. "देवाची किरपा. चुकी झाली बगा माझ्याकडनं. सकाळी हिकडनं चाललो हुतो, झाकान उघडं दिसलं. येखादं पोरसोर पडंल म्हनून लावलं. आत कोन आसंल आसं ध्यानातच आलं न्हाई. पाना जाग्याला नेऊन ठिवला."

निशिगंधाने सुटकेचा श्वास सोडला. नवनाथने मान हलवली. म्हाताऱ्या माणसाची चूक. कुणाच्याही मनाला पटावं असं ते उत्तर होतं. समाधानला विचारलं तर तो कसाबसा म्हणाला, "मी जाळीपाशी वाकलो होतो... एकदम अंधारच झाला."

"मग घाटाकडे जाताना कुणाला पाहिलंत?" गिरजाबाईंनी विचारलं.

"दुसरं कोनतरी आसंल. नजर कमी झालीय."

"असेल. पान्याला तेल तुम्हीच लावलंत?"

"सवय हाय, बाई. ओलं हत्यार तसंच कसं टांगायचं?"

"बरोबर. सवयच ती. तुम्ही आमच्या प्रत्येक नव्या पोराला शिकवलेली." गिरजाबाई एक पाऊल पुढे गेल्या. "तेल लावायचं विसरला नाहीत. मग दुसरा नियम कसा विसरलात? तोही तुम्हीच शिकवायचात. मी स्वतः ऐकलाय, या इथे उभं राहून तुम्ही सांगत होतात. टी-पान्याच्या खिळ्यावर बिल्ला असला तर काय समजायचं, हिंदुराव?"

हिंदुरावांनी मान फिरवली.

"भिमाजी, तू सांग."

"आत माणूस हाय," भिमाजी म्हणाला. त्याचा फेटा सुटून खांद्यावर आला होता. "झाकनाला हात लावायचा न्हाई."

"तुम्ही पाना ठेवायला गेलात तेव्हा खिळ्यावर बिल्ला होता. न बघता पाना टांगला असतात, तर बिल्ला पान्यामागे तसाच राहिला असता. तुमचं म्हणणं मी खरं मानलं असतं. पण तुम्ही तो काढलात. म्हणजे पाहिलात. म्हणजे आत कोण आहे हे कळल्यावर परत येऊन झाकण उघडायचं, एवढंच काम उरलं होतं. त्याऐवजी तुम्ही ओसरीवर बसून पेपर वाचलात आणि टँकरची वाट पाहिलीत."

चौकात पाकळ्यांवरून पाणी निथळत गटारात जात होतं.

"आणि त्या दिवाळीलाही असंच झालं. त्याला कामावर तुम्ही बोलावलंत. त्या दिवशी खरंच चूक झाली असेल, भिंतीकडे न बघता झाकण लावलं असेल. पण नंतर बिल्ला काढून डब्यात टाकलात ती चूक नव्हती. इतक्या वर्षांत तो डब्यात आहे हेही विसरून गेलात. स्वतःच्या हाताने आणून दिलात, सजावटीसाठी."

"पुरावा?" हिंदुरावांचा आवाज आता वेगळा होता, फोरमनचा. "बिल्ला कुठाय?"

उत्तर गिरजाबाईंना द्यावं लागलं नाही. छबूबाई उठून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्यांच्या छातीपर्यंतही येत नव्हतं. तिने तळहात पुढे केला.

"द्या," ती म्हणाली. "माझ्या मालकाचा हाय तो."

तो ताठ माणूस एकाएकी वाकला, जसा आतला खांबच कुणी काढून घ्यावा. हात जाकिटाच्या खिशाकडे गेला. बिल्ला बाहेर आला, अर्धा गोंडा लोंबत असलेला. नदी चार पावलांवर होती, तरी सकाळपासून त्यांनी तो का फेकला नव्हता, हे गिरजाबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. कदाचित कारखान्याच्या मालाला हात धजावला नसेल.

या वेळी पोलिसांना फोन निशिगंधाने स्वतः केला. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायलाही तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

पोलिसांची गाडी हिंदुरावांना घेऊन गेली आणि टी-पानाही बरोबर गेला. काळ्या भिंतीवर मधोमध पांढरी रेघ तेवढी राहिली, कमरेइतकी उंच, रिकामी. समाधानला दवाखान्यात न्यायला रिक्षा आली होती. पण छबूबाई त्या भिंतीपाशी थांबली. कुणी काही म्हणायच्या आत तिने चवड्यांवर उभं राहून बिल्ला खिळ्याला लावला, आणि दोन पावलं मागे येऊन बघत राहिली. पितळेवरचा आकडा उजेडात चमकत होता.

"हितंच हुता ना तेव्हा, बाई?"

"इथेच असणार."

"राहू दे तिथेच, आजी," निशिगंधा मागून हळूच म्हणाली. "मी तो कधीच काढू देणार नाही. खाली त्यांचं नाव लावेन."

छबूबाईने मान हलवली. तिने हात वर करून बिल्ला परत काढला, पदराने पुसला आणि कनवटीला लावला.

"न्हाई ताई. हत्यार जमा झालं की बिल्ला घेऊन घरी जायचं असतं. लई उशीर झाला त्यास्नी."

आणि ती नातवाच्या खांद्याला धरून फाटकाकडे निघाली. भिमाजीने फाटक उघडलं. बिजागरी वाजली नाही.